फियामे नाओमी माताआफा: गावची मताई ते सामोआची पंतप्रधान, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सामोआची बातमी वर्षातून एकदोनदाच येते, पण आली की मला तेच तेच प्रश्न येतात, आणि बहुतेकांचा गोंधळ एकाच जागी होतो: ही बाई पंतप्रधान होती की गावची प्रमुख? उत्तर आहे दोन्ही, आणि आधी गावची प्रमुख. म्हणून सगळे प्रश्न एकदाच इथे लिहून टाकतेय. सोप्यापासून सुरुवात आहे, किचकट खाली आहेत.

१. फियामे नाओमी माताआफा कोण, दोन ओळीत सांगा ना?

जन्म २९ एप्रिल १९५७. सामोआच्या उपोलू बेटावरच्या लोतोफांगा गावाच्या मताई, म्हणजे पदवीधारी प्रमुख, १९७८ पासून. १९८५ पासून लोतोफांगाच्याच खासदार, १९९१ मध्ये देशाच्या पहिल्या महिला कॅबिनेट मंत्री, आणि २०२१ ते २०२५ देशाच्या पहिल्या महिला पंतप्रधान. दोन ओळी झाल्या, पण खरी गंमत पुढे आहे.

२. सामोआ म्हणजे अमेरिकेचंच बेट ना?

नाही. दोन आहेत. अमेरिकन सामोआ हा अमेरिकेचा प्रदेश, तो वेगळा. आपण बोलतोय तो स्वतंत्र देश, ज्याला १९९७ पर्यंत वेस्टर्न सामोआ म्हणायचे. आधी जर्मन राज्य, पहिल्या महायुद्धापासून न्यूझीलंडचा अंमल, आणि १ जानेवारी १९६२ ला स्वातंत्र्य, पॅसिफिकमधल्या बेटांमध्ये सगळ्यात पहिलं. (स्वातंत्र्यदिन मात्र १ जूनला साजरा करतात.) मोठी बेटं दोन, उपोलू आणि सवाई, राजधानी आपिया, लोकसंख्या साधारण दोन लाख. म्हणजे आपल्याकडच्या एका मध्यम शहराएवढा देश, त्यामुळे इथे राजकारणात सगळे एकमेकांना ओळखतात आणि बरेचदा एकमेकांचे नातेवाईकच असतात.

उच्चाराचं एक सांगून ठेवते. सामोअन स्पेलिंगमधला जी हा "ङ" सारखा म्हणतात, म्हणून इंग्रजी बातमीत "लोतोफागा" वाटेल ते लोतोफांगा, आणि "आइगा" वाटेल ते आइंगा.

३. फियामे हे नाव आहे की आडनाव?

दोन्ही नाही, ती पदवी आहे. घरी ठेवलेलं नाव नाओमी. "फियामे" ही लोतोफांगाची मताई पदवी, जी मिळाली की नावाच्या आधी लागते आणि मग लोक त्याच नावाने हाक मारतात. पुढे अजून आदर दाखवायचा तर "आफिओंगा" लावतात, आपण श्रीमंत किंवा माननीय लावतो तसं. म्हणून बातमीत "मिसेस माताआफा" वगैरे वाचलं की सामोअन माणसाला ते ऑड वाटणार, तिथे त्या फियामेच.

माताआफा हीसुद्धा मुळात पदवीच, ती वडिलांकडे होती, मुलीने ती आडनावासारखी लावली. ती पदवी म्हणून त्यांच्याकडे का आली नाही ते ७ मध्ये.

४. मताई म्हणजे आपल्याकडचा पाटील का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. थोडंफार तसं वाटतं पण नाही. पाटील गावाला एक, आणि ते वतन वरून म्हणजे राज्याकडून मान्य व्हायचं. मताई हा आधी आपल्या आइंगाचा, म्हणजे विस्तारित कुटुंबाचा प्रमुख असतो, चुलत-मावस-आते सगळे धरून, परदेशात गेलेलेसुद्धा. एका गावात असे बरेच मताई असतात आणि सगळे मिळून गावची फोनो म्हणजे पंचायत भरते.

त्यात दोन प्रकार. आली म्हणजे सरदार, आणि तुलाफाले म्हणजे वक्ता. सरदार कमी बोलतो, बोलायचं काम तुलाफालेचं. त्याच्या हातात काठी आणि खांद्यावर नारळाच्या तंतूंचा झुपका असतो, आणि वंशावळी, म्हणी, जुने संदर्भ याला तोंडपाठ पाहिजेत, एक संदर्भ चुकला की सगळ्या सभेत नाक कापलं जातं. सभा भरते ते घर गोल किंवा लांबट, भिंती नाहीत, नुसते खांब, आणि कुठल्या खांबाला कोणी टेकून बसायचं हे पदवीनुसार ठरलेलं असतं. म्हणजे खुर्चीसाठी भांडण असतं तसं इथे खांबासाठी, आणि हे मी विनोदाने सांगत नाहीये.

५. मताई निवडतात कसा? बापाकडून मोठ्या मुलाकडे?

आपोआप नाही, आणि इथेच बहुतेक लोक चुकतात. पदवी ही कुटुंबाची, माणसाची नाही. आधीचा मताई वारला की आइंगा बसते, चर्चा होते, कधी महिनोन् महिने, आणि सहमतीने नाव ठरतं. मुलगा असू शकतो, मुलगी, पुतण्या, दत्तक घेतलेला, कोणीही जो वारस गणला जातो. बघितलं जातं ते त्याने कुटुंबाची आणि गावाची सेवा किती केली. त्यांची म्हणच आहे, ओ ले आला इ ले पुले ओ ले ताउतुआ, म्हणजे सत्तेकडे जाणारी वाट सेवेतून जाते. मग साओफाइ नावाचा पदग्रहणाचा सोहळा, आवा पेय, बारीक विणलेल्या इए तोंगा चटया, डुकरं, जेवणं, आणि शेवटी नोंदणी.

एकच पदवी एकाच वेळी अनेकांना वाटून देता येते, तीही पद्धत आहे.

सहमती झाली नाही तर? मग लँड अँड टायटल्स कोर्ट. हे जर्मन काळात १९०३ साली सुरू झालेलं खास कोर्ट, फक्त वहिवाटीच्या जमिनी आणि पदव्या यांचे वाद ऐकतं, आणि इथे वकील चालत नाहीत, कुटुंबाच्या लोकांनी स्वतःच उभं राहून आपली वंशावळ आणि आपली बाजू मांडायची. या कोर्टाचं नाव लक्षात ठेवा, या बाईंच्या आयुष्यात ते परत परत येतं.

६. मग विशीतल्या मुलीला एवढी मोठी पदवी कशी मिळाली?

भांडून. वडील फियामे माताआफा फाउमुइना मुलिनुउ दुसरे, देशाचे पहिले पंतप्रधान, मे १९७५ मध्ये पदावर असतानाच वारले. नाओमी तेव्हा १८ वर्षांच्या. शिक्षण न्यूझीलंडमध्ये, वेलिंग्टनला आधी शाळा आणि मग व्हिक्टोरिया युनिव्हर्सिटी. वडिलांच्या पदव्यांवरून कुटुंबात वाद सुरू झाला, प्रकरण लँड अँड टायटल्स कोर्टात गेलं आणि त्या शिक्षण मध्येच ठेवून घरी परतल्या. १९७८ मध्ये फियामे पदवी त्यांना मिळाली.

आता विचार करा, समोर वयाने बापाएवढे नातेवाईक, सगळे पुरुष, सगळ्यांना वंशावळी पाठ, आणि तुम्ही वीस-एकवीस वर्षांची परदेशात शिकलेली अविवाहित मुलगी. मला विचाराल तर त्यांची पहिली निवडणूक १९८५ ची नाही, हीच. पार्लमेंटात नंतर जे काय झालं ते यापेक्षा सोपं गेलं असेल असं मला नेहमी वाटतं.

७. वडिलांची माताआफा पदवी का नाही मिळाली मग?

कारण ती फक्त एका गावाची पदवी नाही. सामोआत चार सर्वोच्च पदव्या मानतात, तामा आ आइंगा: मालिएतोआ, तुपुआ तामासेसे, माताआफा आणि तुइमालेआलीइफानो. यांच्यामागे एखादी आइंगा नाही तर मोठमोठे प्रदेश आणि अनेक घराण्यांच्या शाखा असतात, त्यामुळे स्पर्धाही तेवढी मोठी. वडिलांकडे फियामे आणि माताआफा दोन्ही होत्या, ते गेल्यावर माताआफा दुसऱ्या शाखेकडे गेली आणि फियामे मुलीकडे आली. दोन पदव्या एकाच माणसाकडे होत्या म्हणून त्या एकत्रच पुढे जातील असं काही नसतं.

८. गावात मताई दिवसभर करतो तरी काय?

सामोआतली साधारण ८० टक्के जमीन वहिवाटीची आहे, ती विकता येत नाही, आणि कोणी कुठे घर बांधायचं, कुठे तारो (अळूच्या जातीचा कंद) लावायचा हे त्या कुटुंबाचा मताई बघतो. घरात लग्न, मयत, चर्चचं काम निघालं की कोणाकडून किती पैसे, किती चटया, किती डुकरं यायची ते तोच ठरवतो, ऑकलंड-सिडनीतल्या भाच्यांना फोन त्याचाच जातो. गावच्या फोनोत बसून तंटे सोडवायचे. १९९० च्या व्हिलेज फोनो कायद्याने या पंचायतीला सरकारी मान्यतासुद्धा आहे.

शिक्षा म्हणजे बहुतेक वेळा दंड, आणि दंड रोख असेलच असं नाही, डुकरं, चटया, टिनमधल्या माशांचे खोके असंही चालतं. सगळ्यात कडक शिक्षा गावाबाहेर काढणं, अख्ख्या कुटुंबाला. संध्याकाळी प्रार्थनेच्या वेळी शंख वाजतो आणि बऱ्याच गावांत तेवढा वेळ रस्त्यावर फिरायचं नाही, गावची पोरं, आउमांगा म्हणतात त्यांना, लुंगी नेसून रस्त्याच्या कडेला ओळीने उभी राहून लक्ष ठेवतात. टुरिस्ट लोक यात अडकतात आणि मग फोटो काढतात, ते पण चालत नाही.

पंतप्रधान असलेल्या मताईला हे रोज करता येत नाही हे उघड आहे, पण आपला वाटा द्यावाच लागतो. या वाट्याला मोनोतांगा म्हणतात आणि तो न देणाऱ्याची खासदारकी कशी धोक्यात येते ते १० मध्ये आहे.

९. बायका सर्रास मताई होतात का?

होऊ शकतात, पण सर्रास नाही. कायद्याने बंदी नाही, आणि बहीण-मुलगी यांचा मान सामोअन घरात खूप मोठा, भावाने बहिणीपुढे जपून वागायचं अशी रीत आहे. पण काही गावांच्या फोनो बाईची पदवी मानतच नाहीत, काही ठिकाणी पदवी असूनही बाई सभेत जाऊन बसत नाही. आणि बायको म्हणून गावात आलेल्या बाईचं स्थान वेगळं, मुलगी म्हणून असलेल्या बाईचं वेगळं. नाओमी लोतोफांगात मुलगी म्हणून, वारस म्हणून उभ्या राहिल्या हे महत्त्वाचं.

१०. मताई नसलेला माणूस निवडणूक लढवू शकत नाही हे खरंय का?

खरंय, आजही. १९९० च्या सार्वमतापर्यंत तर मतदानसुद्धा फक्त मताईंना होतं, अपवाद दोन सीटचा, ज्या युरोपियन किंवा मिश्र वंशाच्या वेगळ्या मतदारयादीसाठी ठेवल्या होत्या. १९९१ पासून २१ वर्षांवरच्या सगळ्या नागरिकांना मत आलं, पण उमेदवार मात्र नोंदणीकृत मताईच पाहिजे. त्याशिवाय निवडणुकीआधीची तीन वर्षं देशात राहिलेला पाहिजे आणि तीन वर्षं गावाचा मोनोतांगा दिलेला पाहिजे. दर निवडणुकीआधी कोर्टात अशा केसेस असतात की हा उमेदवार गावाला काही देतच नव्हता, याला बाद करा.

म्हणजे १९८५ मध्ये फियामे पहिल्यांदा निवडून आल्या तेव्हा त्यांना मत देणारे जवळपास सगळे मताईच होते. हे पटकन लक्षात येत नाही. पदवी नसती तर त्या उमेदवार सोडा, मतदारही नसत्या.

अजून एक, परदेशात बसून मतदान होत नाही. न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियातले हजारो सामोअन पैसे पाठवतात, मतं मांडतात, पण मत द्यायचं तर विमानाचं तिकीट काढा.

११. वडील पंतप्रधान, आई खासदार, ही सरळ घराणेशाहीच झाली की?

झाली की, कोण नाही म्हणतंय. आजोबा माताआफा फाउमुइना हे माऊ चळवळीचे, म्हणजे न्यूझीलंडच्या राज्याविरुद्धच्या अहिंसक आंदोलनाचे पुढारी. २८ डिसेंबर १९२९ ला आपियात पोलिसांनी मिरवणुकीवर गोळीबार केला, त्यात चळवळीचे नेते तुपुआ तामासेसे लेआलोफी तिसरे गेले, तो दिवस काळा शनिवार म्हणून ओळखतात. आईचे वडील ले मामेआ मातातुमुआ आता हे राज्यघटना लिहिणाऱ्यांपैकी. आई लाउलू फेताउइमालेमाउ शिक्षिका, समाजकार्यकर्त्या, खासदार आणि नंतर न्यूझीलंडमध्ये सामोआच्या हायकमिशनर.

पण जिथे उमेदवारीच घराण्याच्या पदवीवर चालते तिथे घराणेशाहीचा आरोप नुसता एकीवर करून भागत नाही, समोरचा विरोधकसुद्धा कुठल्यातरी घराण्याची पदवी घेऊनच उभा असतो. वडिलांचंच बघा, एवढी मोठी पदवी असून १९७० मध्ये पंतप्रधानपद तुपुआ तामासेसे लेआलोफी चौथे यांच्याकडे गेलं, १९७३ मध्ये परत आले. पदवी दारापर्यंत नेते, आतलं गणित मतांचंच असतं.

१२. पंतप्रधान होण्याआधी तीस वर्षं काय केलं?

मंत्रिपदं. १९९१ पासून सलग १५ वर्षं शिक्षणमंत्री, मग २००६ ते २०११ महिला आणि समाजविकास, मग २०११ ते २०१६ कायदा आणि न्याय, आणि २०१६ पासून उपपंतप्रधान. हे सगळं ह्यूमन राइट्स प्रोटेक्शन पार्टी म्हणजे एचआरपीपीच्या सरकारात, जो पक्ष १९८२ पासून थोडाफार अपवाद वगळता सत्तेतच होता. १९९८ पासून पंतप्रधान तुइलाएपा, गाडी चालवायची बाजू उजवीकडून डावीकडे नेणारे (२००९) आणि डेटलाइनच्या म्हणजे आंतरराष्ट्रीय वाररेषेच्या पलीकडे देश नेऊन कॅलेंडरमधला एक अख्खा शुक्रवार गायब करणारे (डिसेंबर २०११) तेच. तेही लोतोफांगासारख्याच उपोलूच्या दक्षिण-पूर्वेकडच्या भागातले, लेपा गावचे मताई.

फियामे न्यायमंत्री असताना लँड अँड टायटल्स कोर्टाचा कारभार त्यांच्याच खात्याकडे होता. ज्या कोर्टात विशीत उभ्या राहिल्या तेच.

१३. इतकी वर्षं काढलेला पक्ष सोडला का?

याच कोर्टावरून. २०२० मध्ये सरकारने तीन विधेयकं आणली, घटनादुरुस्ती, न्यायव्यवस्था आणि लँड अँड टायटल्स कोर्ट यांची. थोडक्यात त्या कोर्टाला पूर्ण वेगळं करायचं, त्याचं अपील त्याच्याच वरच्या पायरीवर, आणि सुप्रीम कोर्टाला त्यात बघायचा अधिकार उरणार नाही. सरकार म्हणत होतं आपल्या रूढी आपण जपतोय, विदेशी कायद्याच्या हातात का द्यायच्या. ऐकायला छान. पण मग फोनोने एखाद्याला गावाबाहेर काढलं आणि तो अन्याय असेल तर त्याने जायचं कुठे?

सप्टेंबर २०२० मध्ये फियामे यांनी उपपंतप्रधानपदाचा राजीनामा दिला, कायद्याचं राज्य यामुळे कमकुवत होतंय म्हणून. लोकांना आश्चर्य यासाठी वाटलं की विरोध करणारी बाई रूढींच्या बाहेरची नव्हती, स्वतः मताई, त्याच कोर्टातून पदवी मिळालेली. मला यात विरोधाभास दिसत नाही. ज्याने ते कोर्ट आतून बघितलंय त्यालाच माहीत की वर अजून एक दार उघडं पाहिजे. विधेयकं त्या डिसेंबरात पास झाली. मार्च २०२१ मध्ये त्या नव्या फास्ट पक्षाच्या नेत्या झाल्या, जो लाआउली लेउआतेआ श्मिट यांनी आदल्या वर्षी काढला होता. फास्ट हे सामोअन नावाचं संक्षिप्त रूप, अर्थ साधारण "देवावर श्रद्धा, सामोआ एक".

१४. ते तंबूत शपथ घेतल्याचं प्रकरण काय होतं?

नीट क्रमाने सांगते, कारण यात सगळे गडबडतात.

९ एप्रिल २०२१ ला मतदान. एकूण ५१ सीट, एचआरपीपी २५, फास्ट २५, अपक्ष १. म्हणजे सगळा देश त्या एका अपक्षाकडे, तुआला इओसेफो पोनिफासिओ यांच्याकडे बघत बसला. तेवढ्यात निवडणूक आयुक्तांनी महिला कोट्यातून एचआरपीपीची एक जादा खासदार नेमली (का, ते १५ मध्ये), आकडा २६-२५. मग अपक्ष फास्टकडे गेले, २६-२६. राष्ट्रप्रमुखांनी म्हटलं बरोबरी आहे, परत निवडणूक घ्या. १७ मे ला सुप्रीम कोर्टाने जादा नेमणूक आणि फेरनिवडणूक दोन्ही रद्द केल्या.

आता घटनेत लिहिलंय की निवडणुकीपासून ४५ दिवसांत पार्लमेंट भरलीच पाहिजे, आणि ४५ वा दिवस होता सोमवार २४ मे. शनिवारी रात्री राष्ट्रप्रमुखांनी अधिवेशनच स्थगित केलं, कारण नंतर सांगतो म्हणाले. सोमवारी सकाळी पार्लमेंटला कुलूप. देशाचे सरन्यायाधीश विग आणि झगा घालून चालत आले, दार बंद बघून परत गेले. फास्टचे खासदार दिवसभर बाहेर, भजनं म्हणतायत, आणि संध्याकाळी समोरच्या हिरवळीवर तंबू ठोकून त्यातच शपथविधी उरकला. तुइलाएपांनी याला देशद्रोह म्हटलं. दोन महिने देशात दोन सरकारं असल्यासारखी स्थिती, ऑफिसच्या चाव्या एकाकडे आणि बहुमत दुसऱ्याकडे. शेवटी २३ जुलैला कोर्ट ऑफ अपीलने तंबूतली शपथ कायदेशीर ठरवली आणि एचआरपीपीची जवळपास चाळीस वर्षांची सत्ता गेली.

एवढ्या सगळ्यात रस्त्यावर हाणामारी झाली नाही.

१५. १० टक्के महिला म्हणजे नक्की किती? ५ की ६?

किचकट आहे पण भारी आहे. घटनेत २०१३ पासून तरतूद की पार्लमेंटात किमान १० टक्के बायका पाहिजेत, कमी पडल्या तर निवडणुकीत मागे राहिलेल्यांपैकी सगळ्यात जास्त मतांची बाई जादा सीटवर घ्यायची. तेव्हा सीट ४९, आणि तिथेच लिहून ठेवलं होतं की म्हणजे सध्या ५. नंतर सीट झाल्या ५१. २०२१ मध्ये निवडून आल्या ५ बायका. ५१ पैकी ५ म्हणजे ९.८ टक्के. आता बोला.

सुप्रीम कोर्ट म्हणालं घटनेत ५ लिहिलंय, ५ आहेत, पुरे. कोर्ट ऑफ अपील म्हणालं नाही, किमान १० टक्के म्हणजे ६ लागतील, पण ही जादा नेमणूक निवडणूक याचिका आणि पोटनिवडणुका संपल्यावर करायची, आधी नाही. म्हणजे आयुक्तांचा हिशोब बरोबर, वेळ चूक. देशाची पहिली महिला पंतप्रधान होऊ नये म्हणून महिला कोट्याचाच आधार घेतला जातोय असं तेव्हा बरेच जण म्हणत होते, आणि त्यांना दोष देणं अवघड आहे.

१६. त्यांनी चीनचं बंदर रद्द केलं, म्हणजे त्या चीनविरोधी का?

नाही. वाइउसू खाडीत चीनच्या मदतीने साधारण १० कोटी अमेरिकन डॉलरचं बंदर आधीच्या सरकारने ठरवलं होतं, ते त्यांनी बाजूला ठेवलं, एवढ्याशा देशाला एवढं परवडत नाही आणि एवढी गरजही नाही म्हणून. चीनशी संबंध तोडले नाहीत. बाहेरच्या पेपरांना प्रत्येक गोष्ट अमेरिका-चीन कुस्ती वाटते, इथे हिशोब कर्जाचा होता.

१७. मग २०२५ मध्ये सत्ता गेली कशी? हरल्या का?

आधी घरातच फुटलं. जानेवारीत लाआउली, म्हणजे पक्षाचे अध्यक्ष आणि शेतीमंत्री, यांच्यावर फौजदारी आरोप दाखल झाले, फियामे यांनी त्यांना बाजूला व्हायला सांगितलं, ते झाले नाहीत म्हणून मंत्रिपदावरून काढलं. उलट पक्षाने फियामेंनाच काढलं. त्या थोड्या खासदारांसह अल्पमतातलं सरकार चालवत राहिल्या आणि विशेष म्हणजे दोन अविश्वास ठरावांतून टिकल्या, कारण फास्ट आणि एचआरपीपी एकमेकांना साथ द्यायला तयार नव्हते. मे महिन्यात बजेट पडलं. मग पार्लमेंट विसर्जित, २९ ऑगस्ट २०२५ ला निवडणूक. फियामे यांचा नवा सामोआ युनायटिंग पार्टी, सीट फक्त ३. फास्ट ३०, आणि लाआउली पंतप्रधान झाले.

स्वतःची लोतोफांगाची सीट मात्र त्यांनी राखली.

१८. पंतप्रधानपद गेलं की मताई पदवीही जाते का?

नाही, दोन्हीचा संबंध एकाच दिशेने आहे. पदवी गेली तर खासदारकीची पात्रता जाते (१० बघा), पण खासदारकी गेली म्हणून पदवी जात नाही. पदवी काढून घ्यायची तर आइंगाने ठरवावं लागतं आणि वाद झाला की परत लँड अँड टायटल्स कोर्ट. म्हणून "माजी पंतप्रधान" लिहा, "माजी चीफ" लिहू नका, बऱ्याच बातम्यांमध्ये ही चूक दिसते.

१९. इंग्लंडच्या राजा चार्ल्सलाही सामोआत चीफ केलं ना? मग तो तिथे निवडणुकीला उभा राहू शकतो का?

हा प्रश्न मस्करीत येतो पण उत्तर खरं देते. ऑक्टोबर २०२४ मध्ये आपियात राष्ट्रकुल परिषद भरली, यजमान फियामेच होत्या, तेव्हा मोआताआ गावाने चार्ल्सना "तुइ ताउमेआसिना" ही पदवी दिली, आवा पाजला, सगळं रीतसर. पण तो पाहुण्याचा मान. उभं राहायचं तर सामोआचा नागरिक पाहिजे, तीन वर्षं तिथे राहिलेला पाहिजे, आणि तीन वर्षं मोआताआ गावाला मोनोतांगा दिलेला पाहिजे, म्हणजे गावात मयत झालं की चटया, चर्चचं छप्पर गळलं की पैसे, आणि फोनो बसली की माशांच्या टिनचे खोके वेळेवर पोचले पाहिजेत.